तलवार म्यान करणारा वीर

तलवार हातात घेतलेला माणूस तळ्याच्या पाण्यावरून धावत जातो. पाण्याला पाऊल टेकते न टेकते तोच तो उसळी मारून पुन्हा हवेत उठतो. प्रतिस्पर्धीही तसाच. दोघे हवेतच एकमेकांना भिडतात आणि एवढे सारे होऊन कुणाच्या कपाळावर घामाचा थेंब नाही की अंगरख्याला चुणी नाही! असला देखावा पाहून निम्मे प्रेक्षक “वाहवा!” म्हणतात आणि उरलेले निम्मे “काहीतरीच बाई!” म्हणून हसतात. चिनी तलवारबाजीच्या चित्रपटांबद्दलचे हे मतभेद जुनेच आहेत. त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

परंतु मला आज सांगायचे आहे ते एका वेगळ्याच भांडणाबद्दल. या चित्रपटातले उडणे, तरंगणे आणि पाण्यावर चालणे सगळ्यांनी आनंदाने पोटात घातले. भांडण जुंपले ते शेवटच्या दहा मिनिटांवरून. आणि वीस वर्षे उलटून गेली तरी ते अजून मिटलेले नाही. चित्रपटाचे चिनी नाव ‘यिंगशिओंग’, म्हणजे ‘वीर’. इंग्रजीत तो ‘हीरो’ या नावाने जगभर गेला. दिग्दर्शक चांग यिमोऊ; साल २००२.

आधी थोडे या जातीच्या चित्रपटांविषयी. चिनी भाषेत यांना ‘वूशिआ’ म्हणतात. ‘वू’ म्हणजे युद्धविद्या आणि ‘शिआ’ म्हणजे दिलेल्या शब्दासाठी जीव ओवाळून टाकणारा, राजाची चाकरी न करणारा भटका वीर. त्याला कायद्याची फिकीर नसते, पण अन्याय झालेला खपत नाही. अशा वीरांच्या कथा चीनमध्ये दोन हजार वर्षांपासून सांगितल्या जात आहेत. १९२८ साली शांघायमध्ये निघालेल्या ‘लाल कमळाच्या मंदिराचे दहन’ या मूकपटाने तर असे वेड लावले की, त्याचे भागांमागून भाग निघाले आणि शेवटी तेव्हाच्या सरकारने असल्या चित्रपटांवर बंदी घातली. पुढे हाँगकाँगमध्ये १९५५ पासून चिन योंग यांच्या कादंबऱ्या वर्तमानपत्रांतून क्रमशः येऊ लागल्या आणि घरोघरी वाचल्या जाऊ लागल्या. म्हणजे आपल्याकडे गुप्तहेरांच्या आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांची जी गोडी, तीच तिकडे या उडत्या तलवारींची. चिनी माणसाला त्या उडण्याचे आश्चर्य वाटत नाही. आपल्या पौराणिक चित्रपटात मारुतीने उड्डाण केले, तर गुरुत्वाकर्षणाची शंका कोण काढतो? तसेच हे.

कथा अशी आहे

काळ आहे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाचा. चीनमध्ये सात राज्ये आहेत आणि ती पिढ्यान् पिढ्या एकमेकांशी लढत आहेत. त्यांत चिन राज्याचा राजा सर्वांत बलाढ्य. बाकीची सहा राज्ये गिळून सगळा देश एका छत्राखाली आणायचा हा त्याचा ध्यास. साहजिकच त्याच्या जिवावर उठलेलेही पुष्कळ. म्हणून त्याने नियम केला आहे की, आपल्या शंभर पावलांच्या आत कुणी यायचे नाही.

एके दिवशी एक सामान्य हुद्द्याचा अंमलदार दरबारी येतो. त्याला नावच नाही. आपण त्याला ‘अनाम’ म्हणू. राजाला ज्यांची सर्वांत जास्त धास्ती होती असे तिघे मारेकरी आपण मारले, असे तो सांगतो आणि पुरावा म्हणून त्यांची शस्त्रे पुढे ठेवतो. या मारेकऱ्यांच्या नावांचा मराठीत अर्थ सांगायचा तर आकाश, भग्नखड्ग आणि हिमवर्षा. शेवटचे दोघे एकमेकांचे प्रियकर-प्रेयसी. प्रत्येक शस्त्रामागे एक बक्षीस ठरलेले असते, आणि ते म्हणजे राजाच्या अधिक जवळ बसण्याचा मान! शंभर पावलांचे अंतर वीसवर येते, विसाचे दहावर. अनामाची खरी विद्या हीच की, दहा पावलांच्या आत त्याचा वार कधी चुकत नाही.

वाचकहो, राजाही काही दूधखुळा नाही. अनामाची हकिकत ऐकून तो म्हणतो की, हे असे घडलेलेच नाही. आणि मग घडले कसे असेल ते स्वतःच सांगतो. त्यानंतर अनाम खरे काय ते सांगतो. एकच घटना तीनदा, आणि दरवेळी निराळ्या रंगात. पहिल्यांदा सारे तांबडे, मग निळे, मग पांढरे. आणि जुन्या आठवणी हिरव्या. जपानी दिग्दर्शक कुरोसावा यांचा १९५० सालचा ‘राशोमोन’ ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही तऱ्हा ओळखीची वाटेल.

खरी गोष्ट अशी निघते की, अनाम हा स्वतःच मारेकरी आहे. तो चाओ राज्यातला. त्याचे कुटुंब चिनच्या सैन्याने कापून काढलेले. आकाश आणि हिमवर्षा या दोघांनी त्याला राजापर्यंत पोचवण्यासाठी आपली शस्त्रे स्वखुशीने दिली आहेत. एकटा भग्नखड्ग मात्र विरोधात. तीन वर्षांपूर्वी तो स्वतः राजवाड्यात घुसला होता, राजाच्या गळ्याला तलवार लागली होती आणि तरीही त्याने हात आवरला होता. का? अनाम विचारतो तेव्हा तो वाळूत दोनच अक्षरे लिहितो: ‘तिआनशिआ’. अर्थ, ‘आभाळाखालचे सारे’. हाच एक राजा सगळी युद्धे थांबवू शकेल. तेव्हा आपल्या सुडासाठी आभाळाखालच्या साऱ्यांची शांतता मोडू नकोस, असे त्याचे म्हणणे.

शेवटी अनाम राजापासून दहा पावलांवर असतो. राजा आपलीच तलवार त्याच्यापुढे टाकतो आणि पाठ वळवून उभा राहतो. अनाम झेप घेतो, पण मारत नाही. तो परत फिरतो आणि दरबारी मंडळी ओरडू लागतात, “मारा, मारा!” राजाच्या डोळ्यांत पाणी येते, तरी तो हात हलवतो आणि हजारो बाण सुटतात. वाड्याच्या दरवाजावर बाणांचे रान माजते. मधोमध मात्र माणसाच्या आकाराएवढी जागा रिकामी राहते. अनामाला वीराच्या मानाने मूठमाती मिळते. पडद्यावर अक्षरे येतात की, राजाने देश एक केला, युद्धे संपवली आणि भिंत बांधली.

आता यावर भांडण होणार नाही तर काय होईल?

डोळ्यांचे पारणे

भांडणाकडे वळण्यापूर्वी एक कबूल केलेच पाहिजे. इतका देखणा चित्रपट मी क्वचित पाहिला आहे. छायाचित्रण ख्रिस्तोफर डॉइल यांचे, संगीत तान दुन यांचे, पोशाख जपानच्या एमी वाडा यांचे आणि द्वंद्वे बसवली आहेत हाँगकाँगच्या चिंग सिउ-तुंग यांनी. पिवळ्याधमक पानांच्या रानात दोन स्त्रिया तांबड्या पोशाखात लढतात आणि एक कोसळताच सारे रान रक्तासारखे लाल होते. हे चित्रण अंतर्मंगोलियातल्या रानात झाले. दिग्दर्शकाने पुढे सांगितले की, गळलेली पाने प्रतवार निवडून घेतली होती: उत्तम ती नटींच्या चेहऱ्यासमोर उडवायची, मध्यम ती मागे आणि उरलेली जमिनीवर पसरायची. आपल्याकडे हापूस आंब्याचीसुद्धा एवढी निवड होत नसेल! तळ्यावरचे द्वंद्व च्यूचायगोऊच्या खोऱ्यातले. वारा पडून पाणी आरशासारखे होई तेवढाच वेळ रोज काम चाले.

जेट ली, टोनी ल्यूंग, मॅगी चुंग, डॉनी येन आणि चांग त्सियी ही मोठी नटमंडळी यात आहेत. राजाचे काम चेन दाओमिंग यांनी केले आहे. खर्च सुमारे ३ कोटी डॉलर आला. तोवर चीनमध्ये एवढा महाग चित्रपट निघाला नव्हता. चीनमध्ये त्याने सुमारे २५ कोटी युआन मिळवले. अमेरिकेत तो पडून राहून ऑगस्ट २००४ मध्ये लागला आणि पहिल्याच आठवड्यात तिकीटविक्रीत अव्वल ठरला. ऑस्करच्या परभाषी चित्रपटांच्या यादीतही त्याचे नाव होते.

इतिहास काय सांगतो

या कथेच्या मुळाशी एक खरी घटना आहे आणि ती ठाऊक असल्याखेरीज चिनी प्रेक्षक एवढे का चिडले ते कळायचे नाही. इ. स. पूर्व २२७ मध्ये येन राज्याच्या युवराजाने चिंग-क नावाच्या माणसाला चिनच्या राजाकडे धाडले. चिनमधून पळून आलेल्या एका सेनापतीचे शीर आणि येनच्या सुपीक मुलखाचा नकाशा असा नजराणा त्याच्याबरोबर होता. नकाशाच्या गुंडाळीत विषारी खंजीर लपवलेला. गुंडाळी उलगडत उलगडत संपली, खंजीर दिसला. चिंग-कने राजाची बाही पकडली, पण बाही फाटली आणि राजा निसटला. राजा खांबाभोवती पळतोय, चिंग-क मागे धावतोय, दरबाऱ्यांजवळ नियमानुसार एकही शस्त्र नाही आणि राजाची तलवार इतकी लांब की ती म्यानातून निघता निघेना! राजवैद्याने हातातली औषधांची पिशवीच मारेकऱ्याच्या अंगावर फेकली. तेवढ्या सवडीत तलवार निघाली आणि चिंग-क पडला. सहा वर्षांनी, इ. स. पूर्व २२१ मध्ये, हाच राजा चीनचा पहिला सम्राट झाला.

ही हकिकत इतिहासकार सिमा चिएन याने लिहून ठेवली आहे. मारेकऱ्यांसाठी त्याने आपल्या ग्रंथात एक स्वतंत्र प्रकरणच दिले. सम्राटापुढे खरे बोलण्याची किंमत त्याला स्वतःला ठाऊक होती. एका पराभूत सेनापतीची बाजू घेतल्याबद्दल त्याच्या सम्राटाने त्याला अत्यंत अपमानास्पद शारीरिक शिक्षा केली होती. तेव्हापासून चिंग-क हा लोकांच्या मनातला वीर झाला. पुढे कवी ताओ युआनमिंग यानेही त्याच्यावर कविता लिहिली. मारेकरी हरला, राजा जिंकला. पण दोन हजार वर्षे लोकांचे मन राहिले ते हरणाऱ्याकडे.

चांग यिमोऊंनी नेमके हेच फिरवले. त्यांचा मारेकरी हरत नाही. तो जिंकलेला असताना राजाचे म्हणणे पटून मरण पत्करतो. लोकांना खुपले ते हे.

आमच्या घरातली चार मते

हा चित्रपट गेल्या वर्षी एका रविवारी आम्ही घरी सर्वांनी मिळून पाहिला, आणि जेवणाची ताटे वाढली तरी वाद संपेना. बाहेरच्या जगात जी मते निघाली तीच चार भिंतींत निघाली, म्हणून ती येथे देतो.

माझे सासरे ऐंशीच्या पुढचे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. ते म्हणाले, “अडीचशे वर्षे लढाया चालल्या होत्या. राजे मजेत होते. मरत होता तो शेतकरी. कुणीतरी एकाने ते थांबवले, यात वाईट काय? सूड सोपा असतो रे. सूड गिळायला छाती लागते.”

आमची लेक कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला. ती उसळून म्हणाली, “आबा, चांगपिंगच्या लढाईनंतर याच चिनच्या सैन्याने शरण आलेले चाओचे सैनिक मारले. सिमा चिएन आकडा देतो चार लाखांचा. ज्यांची माणसे गेली त्यांनीच मन मोठे करायचे आणि ज्याने मारली त्याने नुसते डोळे पुसायचे? हा कुठला न्याय?”

आमचा भाचा इंजिनियर. त्याला दोन्ही बाजू कंटाळवाण्या वाटल्या. “मामा, एकाच लढाईत एवढे बाण आले कुठून आणि पाण्यावर हे चालतात कसे, ते आधी सांगा,” असे म्हणून त्याने दुसऱ्यांदा आमटी मागितली. अशा प्रेक्षकांचा पक्षही जगात लहान नाही!

सौ. इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्या हिमवर्षेचा विचार तुमच्यापैकी कुणी केला का? भग्नखड्गाने जगाचा विचार केला, म्हणून तो थोर. तिने आपल्या मारल्या गेलेल्या बापाचा विचार केला, म्हणून ती आततायी. शेवटी तो तिच्या तलवारीपुढे उभा राहतो आणि वार मुद्दाम चुकवत नाही. तो मोठा ठरला आणि पाप तिच्या माथी आले. म्हणून तर तिने स्वतःलाही संपवले.” यावर सासऱ्यांनाही लगेच उत्तर सुचले नाही.

बाहेरचे भांडण

आमच्या घरातला वाद हा मोठ्या वादाची छोटी आवृत्ती होती. अमेरिकेतले नामवंत समीक्षक रॉजर ईबर्ट यांना चित्रपट अतिशय आवडला. उलट न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये जे. होबरमन यांना त्याच्या भव्यतेत आणि बलिदानाच्या गौरवात हुकूमशाहीच्या कलेचा वास आला. चिनी समीक्षकांतही असेच दोन तट पडले. अमेरिकेतल्या प्रतीत ‘तिआनशिआ’चे भाषांतर ‘आपला देश’ अशा अर्थाचे केले गेले, तेव्हा त्यावरही वाद झाला. ‘आभाळाखालचे सारे’ म्हटले की माणुसकीचा सूर लागतो. ‘आपला देश’ म्हटले की सरकारी घोषणेचा. दोन अक्षरांत केवढा फरक!

राग अधिक होता तो दिग्दर्शकावर. कारण चांग यिमोऊ हे काही दरबारी भाट म्हणून वाढलेले नाहीत. जन्म १९५० चा. वडील राष्ट्रवादी सैन्यातले अधिकारी. त्यामुळे घरावर कायमचा डाग. सांस्कृतिक क्रांतीत त्यांना शेतावर राबावे लागले, मग कापडगिरणीत. त्यांचे ‘जू दो’ आणि ‘लाल कंदील’ हे चित्रपट चीनमध्ये काही काळ अडवून धरले गेले. १९९४ च्या ‘जगणे’ या चित्रपटात त्यांनी एका साध्या कुटुंबाची राजकारणाच्या जात्यात कशी वाताहत झाली ते दाखवले; तो तर चीनमध्ये दाखवूच दिला नाही. असा माणूस सम्राटाच्या बाजूने का बोलू लागला, असा लोकांचा प्रश्न. आपल्याला राजकारण सांगायचे नव्हते, शांतता सांगायची होती, असे ते स्वतः म्हणत आले. पुढे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचा उद्घाटनसोहळा त्यांनीच बसवला, तेव्हा टीकाकारांनी मान हलवून “बघा!” म्हटले.

मला काय वाटते

माझ्यापुरते विचाराल तर या चित्रपटातला मला सर्वांत बोलका वाटलेला प्रसंग तलवारीचा नाही, लेखणीचा आहे. अनाम भग्नखड्गाकडून ‘तलवार’ हे एकच अक्षर लिहून घेतो. ते लिहिण्याच्या एकोणीस तऱ्हा असतात. त्याला विसावी हवी असते. हे ऐकून राजा वैतागतो. एका अक्षराच्या एवढ्या तऱ्हा कशाला? आपण देश जिंकल्यावर बाकीच्या सगळ्या काढून टाकू आणि एकच ठेवू, असे तो सहज बोलून जातो.

खऱ्या सम्राटाने हे केलेही. वजने-मापे एक केली, गाड्यांच्या चाकांतले अंतर एक केले, लिपी एक केली. सोय झाली यात शंका नाही. आपणही छापखान्याच्या सोयीसाठी मोडी मागे टाकून बाळबोध धरली. माझ्या पणजोबांच्या हातच्या वह्या कपाटात आहेत आणि घरात त्या कुणालाच वाचता येत नाहीत. तरी मी बाळबोधबद्दल तक्रार करणार नाही. तिच्यामुळेच तर तुम्ही हा अंक वाचत आहात. पण त्याच सम्राटाने इ. स. पूर्व २१३ मध्ये ग्रंथही जाळले. अठरा-एकोणीस तऱ्हांपैकी एकच ठेवायची असे ठरले की, उरलेल्या तऱ्हेने लिहिणाऱ्याचे काय करायचे हा प्रश्न पाठोपाठ येतोच. चित्रपट हे वाक्य राजाच्या तोंडी घालतो आणि पुढे निघून जातो. मला वाटते, तो तेथे थांबायला हवा होता.

सासऱ्यांचे म्हणणे मला पटते: सूड गिळणे ही मोठीच गोष्ट आहे. ज्याचे घर उजाड झाले त्याने तलवार म्यान केली, तर त्याच्यापुढे मान झुकवावी. पण लेकीचे म्हणणेही तितकेच खरे आहे. क्षमा ही ज्याने सोसले त्याच्याजवळची ठेव आहे. ती त्याने आपखुशीने द्यायची असते. बलवानाने ती सारा वसूल केल्यासारखी मागून घेतली तर तिला क्षमा म्हणता येत नाही. अनामाने तलवार खाली ठेवली, मग राजाने काय खाली ठेवले? ही तुलना चित्रपट करत नाही. तो मोजतो ते अनामाचे मोठेपण, आणि ते जमा होते राजाच्या खात्यावर.

आणि आभाळाखालचे ते सारे कुठे आहेत? ज्यांच्या नावाने हे बलिदान झाले, तो शेतकरी, ती विणकरीण, ते पोर, यांना या भव्य चित्रपटात एका वाक्याचीही जागा नाही. सैनिक आहेत, दरबारी आहेत, बाणांचे ढग आहेत; ज्यांना शांतता हवी होती ते लोक तेवढे नाहीत. चीनच्या लोककथेला मात्र त्यांचा विसर पडलेला नाही. भिंतीच्या कामावर वेठीने नेलेल्या नवऱ्याला शोधत निघालेल्या मंग च्यांगन्यूची गोष्ट तिकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. नवरा मेल्याचे कळताच ती एवढी रडली की भिंत ढासळली आणि आतली हाडे उघडी पडली. चित्रपट ज्या भिंतीचा अभिमानाने उल्लेख करून संपतो, तीच ही भिंत.

मग हा चित्रपट पाहू नये काय? छे, अवश्य पाहावा, आणि शक्य तो मोठ्या पडद्यावर. वाईट विचाराचे वाईट चित्रपट दुसऱ्या दिवशी विसरतात. त्यांच्यापासून भय नाही. येथे एक खरा प्रश्न अत्यंत सुंदर करून मांडला आहे आणि त्याचे उत्तर मात्र एकाच बाजूने दिले आहे. दुसरी बाजू प्रेक्षकाला स्वतः उभी करावी लागते. तेव्हा पाहताना आजोबांना आणि नातवंडांना एकत्र बसवा. पाने लाल होतील तेव्हा खुशाल “वाहवा!” म्हणा. आणि बाण सुटल्यावर राजाच्या डोळ्यांत पाणी येईल, तेव्हा त्याच वेळी त्याचा हात काय करतो आहे, तिकडेही जरा लक्ष असू द्या.